आयोडीनवाले दळवीकाका

दळवीकाकांच्या शर्टाच्या खिशाला कायम एक तपकिरी डाग असायचा. पेन गळल्याचा नव्हे, आयोडीनचा. परळच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. ते निवृत्त झाले, पण ड्रॉपरची ती छोटी बाटली खिशातून निवृत्त झाली नाही. लालबागला एकाच इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. कुणाच्या साखरपुड्यात पेढा हातात आला की काका त्याचा कण बशीच्या कडेला ठेवत, वर थेंब टाकत आणि कण निळा-काळा झाला की शांतपणे जाहीर करत, "खव्यात पीठ आसा." यजमानांचे चेहरे पडत आणि काकी कपाळाला हात लावत.

माणूस दहावी नापास. पण प्रश्न विचारला तर उत्तर देऊन मोकळा होणाऱ्यांतला नव्हता. "माका कित्याक इचारतंस? थेंब घाल नि बघ." मी सहावीत असताना त्यांनी मला पावाचा तुकडा दिला आणि बजावलं, गिळायचा नाही, चावतच राहायचं. जबडा दुखायला लागला तेव्हा तो पाव चक्क गोड लागू लागला. मग त्यांनी दोन परीक्षानळ्यांत भाताची पेज घेतली आणि एकीत मला थुंकायला लावलं. थोड्या वेळाने दोन्हींत थेंब टाकला. एक नळी निळीशार झाली, माझ्या थुंकीची मात्र जवळजवळ तशीच राहिली. भात म्हणजे साखरेच्याच मण्यांची लांबच लांब माळ, ती असेल तिथे थेंब निळा होतो, काकांनी समजावलं, आणि आपली लाळ ती तोडायला लागते. उरलेली पोटात तुटते. त्या दिवशी मी एकेक घास इतका चघळला की आईने धपाटा घातला. आज मी विज्ञान शिकवते, त्याचं मूळ त्या थुंकीत आहे हे सांगायला मला लाज वाटत नाही.

काकींना डायबेटिस होता. त्यात काकांच्या छातीत कळ आली, ऑपरेशन झालं, आणि त्यांना आयुष्य मिळावं म्हणून काकींनी सोमवार, गुरुवार, शनिवार असे तीन उपवास धरले. वर्षभराने काकींच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेचना. शुगर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर भागेलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकी रडकुंडीला आल्या. "आठवड्यातले तीन दिस मी उपाशी, आता आणखी काय सोडू?"

काका रोज त्यांच्या बोटाला सुई टोचून मशीनवरचा आकडा बघत होते. आकडा चढायचा तो नेमका उपवासाच्या दिवशी. त्याचं कारण त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पण बोलायची छाती होत नव्हती. "तिका वाटतला, उपास मोडलो तर मी मरतलंय," ते मला म्हणाले. भर साखरपुड्यात यजमानांची लाज काढणारा हा माणूस, बायकोपुढे महिनाभर गप्प होता.

शेवटी एका सोमवारी त्यांनी मला खाली बोलावलं. एका ताटलीत साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, बटाटा, रताळं, सगळं चिमूट चिमूट मांडलं होतं, आणि शेजारी कुकरमधला साधा भात. एरवी सहसा दुसऱ्याच्या हाती न जाणारी ती बाटली त्यांनी काकींपुढे धरली. "तू घाल."

काकींनी थेंब टाकले. पाचही ढीग एकामागून एक काळवंडले. मग काकांनी काकडीची चकती, ओलं खोबरं आणि वाटीत ताक ठेवलं. तिथे थेंब तपकिरीचा तपकिरीच राहिला.

काकी ताटलीकडे बघत राहिल्या. "पण ह्या सगळा उपासाक चालता मां?"

"देवाक चालता," काका म्हणाले. "पोटाक वार कळणा नाय."

काकींनी ओट्यावरचं खिचडीचं पातेलं उचललं आणि माझ्या हातात दिलं. मी ते वर नेऊन सगळ्यांना वाढलं.

उपवास मोडला नाही. तो काकडी, ताक आणि खोबऱ्यावर आला, डॉक्टरांनी त्या बेताने गोळ्या बदलून दिल्या, आणि जखम सावकाश का होईना, सुकली. अंगठा राहिला.

काका राहिले नाहीत. दीड वर्षाने पुन्हा कळ आली आणि ऑपरेशन करायलाही वेळ मिळाला नाही. तेराव्यानंतर काकींनी मला विचारलं, "मी उपास हलको केलंय, म्हणान गेले काय गो?" मी घाईने, जरा मोठ्यानेच नाही म्हणाले. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. दाखवायला माझ्याकडे कुठला थेंब नव्हता. काकांची इतकी आठवण मला त्यांच्या अंत्ययात्रेतसुद्धा आली नव्हती.

गेल्या सोमवारी सहज डोकावले तर काकी काकडी चिरत होत्या. शेजारी ताकाचा पेला. मला राहवलं नाही. "काकी, आता उपवास कोणासाठी?"

त्यांनी विळीवरून पाय काढून पुढे केला. पाचही बोटं जागच्या जागी होती.

"ह्या पायासाठी गो. तेंनीच राखलो मां तो."