मी न केलेली जाहिरात

कळंबमध्ये शाळेचं स्नेहसंमेलन असो की गणपतीपुढचा कार्यक्रम, माईक माझ्या हातात यायचा. "वहिनी, तुमी बोलल्याबिगर रंगच न्हाय," म्हणत लोक घरी बोलवायला यायचे. धाकटी लेक शाळेत जायला लागली तेव्हा मनात आलं, या आवाजाचंच काम का करू नये? जाहिराती असतात, बातम्यांच्या मागं कुणीतरी बोलत असतं. पण असं काम देणारी माणसं आपल्या ओळखीची कुठं?

म्हणून एसटीनं धाराशिवला खेपा सुरू केल्या. केबलवाला, साप्ताहिकांची ऑफिसं, यूट्यूबवर बातम्या देणारी चॅनेलं. बोर्ड दिसला की जिना चढायचा, नमस्कार करायचा, नंबर द्यायचा, त्यांचा घ्यायचा. चहा सगळ्यांनी पाजला. "कळवतो" असंही सगळेच म्हणाले.

एका चॅनेलच्या संपादकांनी मात्र लगेच रेकॉर्डिंगला बसवलं. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या. "ताई, सगळ्या तऱ्हेनं बोला. रागावून, हसून, घरच्या माणसाला समजावल्यासारखं." दुपारभर मी बोलत राहिले. घसा कोरडा पडला, पण मन भरून आलं होतं. शेवटी ते म्हणाले, "आवाज गोड आहे हो, पण भाषा गावठी वाटते. जाहिरातीला पुण्याकडचं बोलणं लागतं."

ऐकणारे सगळे कळंब-परंड्याचे, आणि बोलणारी मात्र पुण्याची पाहिजे! जिना उतरताना हे ओठांवर आलं होतं. पुढं कधी काम मिळेल या आशेनं गिळलं.

दिवाळी झाली आणि तामलवाडीहून मामेभावाचा फोन आला. मामी चक्कर येऊन पडली होती, सोलापूरला दवाखान्यात ठेवलं होतं. मी धावत गेले. मामीची साखर भलतीच वाढली होती, कारण तिनं गोळ्या बंद केल्या होत्या. डॉक्टरांनी कारण विचारलं तर तिनं सरळ माझ्याकडं बोट केलं.

"हिनंच सांगितलं की."

"म्या? म्या कवा सांगितलं, मामी?"

"मोबाईलात. चूर्ण घ्या, गोळ्या सोडा म्हणालीस. ल्हानपणापासनं ऐकतेय, तुझा आवाज मला वळखू येत न्हाय व्हय?"

मामेभावानं व्हिडिओ लावला. पडद्यावर हिरवी पानं, चूर्णाचा डबा, आणि मागं माझा आवाज. "लई दिवस गोळ्या खाल्ल्या मावशी, आता बास करा." माझंच "लई", माझीच समजावणी. पण हे वाक्य मी जन्मात उच्चारलेलं नव्हतं. कोपऱ्यात त्याच चॅनेलचा शिक्का होता. डॉक्टर माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, ती अजून अंगावर येते.

मामी शुद्धीवर होती, बरी होत होती, म्हणून मी तशीच धाराशिवची गाडी धरली. संपादकांनी बसा म्हटलं. मी बसले नाही.

"ताई, तो आवाज तुमचा नाहीच. सॉफ्टवेअर बोलतंय. तुमच्या रेकॉर्डिंगवरनं फक्त शिकलंय."

"मला विचारलं होतं?"

"एवढं काय मनावर घेता? उलट आवाज जिल्हाभर पोचला."

माझं डोकं सणकलं. "गावठी म्हणून मला घालवून दिलंत, आणि गावातल्या बायांना फसवायला माझीच भाषा लागली व्हय तुमाला? माझी मामी दवाखान्यात पडलीय!"

बाहेरची माणसं बघायला लागली तसं त्यांनी उठून दार लोटलं. माझ्या मामीपेक्षा त्यांना त्या दाराची काळजी.

पोलिसांत तक्रार दिली. मग खेपा घालून गोळा केलेल्या एकेका पत्रकाराला फोन केला. एकानं सांगितलं, चूर्णवाल्याची जाहिरात आमच्याकडंही आहे. दुसरा म्हणाला, आमच्याच धंद्यातला माणूस आहे, कशाला वाढवता. गावोगावच्या भानगडी मोठ्या आवाजात सांगणाऱ्या या माणसांचा आवाज नेमका आताच बसला होता!

एका साप्ताहिकाची बातमीदार बाई तेवढी आली. कळंबच्या बाजाराच्या दिवशी तिनं भाजीवाल्यांच्या मधोमध मला उभं केलं आणि मोबाईल धरला. मी माझ्याच बोलीत बोलले. "तो आवाज मशीनचा हाय. म्या तसलं काही सांगितलेलं न्हाय. डॉक्टरांना इचारल्याबिगर गोळ्या सोडू नका." बोलता बोलता भोवती बाया जमल्या. त्यातल्या एकीनं पिशवीतनं तेच चूर्ण काढून दाखवलं, तेव्हा माझा आवाज थरथरला. बातमीदार बाईनं तो भाग कापला नाही.

ते सगळीकडं फिरलं. आठवड्याच्या आत चॅनेलवरची जाहिरात गायब झाली. माफी कुणी मागितली नाही. तक्रारीचं विचारायला गेलं की "तपास चालू आहे" एवढंच उत्तर मिळतं. वर त्याच संपादकांचा निरोप आला, "ताई, आता तुमच्या आवाजाला मागणी आहे, काम करायचं का?" मी फोन ठेवून दिला.

काम आता थोडंफार मिळतं, दुसरीकडून. नमुना पाठवा म्हटलं की मी स्वतः जाते, समोर वाचून दाखवते आणि रेकॉर्ड करू देत नाही. त्यापायी काही कामं हातची जातातही.

मामी बरी आहे, गोळ्या घेते. फक्त मी फोन केला की आधी विचारते, "तूच हायस ना गं? का मशीन?" ती चेष्टा करत नाही. आणि दरवेळी मला त्या संपादकांचा जिना पुन्हा चढून जाब विचारावासा वाटतो.