ओकाखालचं भांडण

असे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा शांत झालेली असतात. मी झालेलो नाही. मी देवावर चिडलेला माणूस आहे, आणि हे लिहिताना सगळा राग ओसरलाय असं म्हणालो तर ते खोटं होईल. तरीही गेल्या शरदात जर्मनीतल्या ओडेनवाल्डच्या जंगलात जे मिळालं ते सांगायला हवं, कारण माझी तशी काही लायकी नव्हती.

आई सांगलीत वारली तेव्हा मी फ्रँकफुर्टच्या विमानतळावर अडकलो होतो. धुक्यामुळे विमानं थांबली होती. तिला अग्नी दिलेला मी चुलतभावानं उंच धरलेल्या फोनवर पाहिला. मी एकुलता एक मुलगा, आणि माझ्या शेजारचा माणूस सँडविच खात होता. घरी पोचलो तेव्हा वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, दारातच बसले होते. माझ्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "त्याची इच्छा." मला वाटलं, ते मला दोष देतायत आणि तो उघडपणे देण्याची तसदीही घेत नाहीयेत. त्या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात जो जाळ पेटला तो विझलाच नाही. देवापुढे हात जोडणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

नंतर नानांना मी वाल्डॉर्फला आमच्याकडे घेऊन आलो. मी इथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. बायको वैशाली, मुलगी ईरा, आणि शेजारी टाचणी पडली तरी ऐकू येईल असं घर. नाना दत्ताचे भक्त, जन्मभर औदुंबराला प्रदक्षिणा घातलेले. इथं औदुंबर कुठला? त्यांनी स्वतःच शोध सुरू केला. सुटीच्या दिवशी मी त्यांना गाडीनं डोंगराकडच्या जंगलात सोडायचो आणि ते झाडं बघत फिरायचे. परत येताना सांगायचे, की ते गुळगुळीत राखाडी बुंध्याचं बीच नावाचं झाड देखणं आहे खरं, पण त्याची सावली इतकी दाट की खाली दुसरं काही जगत नाही. ओक तसा नाही, खरबरीत आहे, वाकडा वाढतो, पण थोडा उजेड खाली सोडतो, म्हणून त्याच्या पायाशी गवत असतं, झुडपं असतात. शेवटी वरच्या धारेवरचा एक म्हातारा ओक त्यांनी औदुंबराच्या जागी मानला. "जायला हवं गुरुवारी," ते म्हणाले, "पण गुरुवारी तुझं ऑफिस. शनिवार त्यानं चालवून घ्यावा."

दर शनिवारी ते आत जायचे आणि मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचो. तो ओक मी कधी पाहिला नाही. मुद्दामच पाहिला नाही.

आईचं वर्षश्राद्ध होतं त्या आठवड्यातला शनिवार. गाडीतून उतरताना नाना म्हणाले, "आज तूही चल झाडापाशी. तिच्या नावानं चार प्रदक्षिणा घाल."

"एका जर्मन झाडाभोवती फिरून आई परत येणार आहे का?"

"तसं नाही रे. त्याची इच्छा होती..."

मी ओरडलो. भर पार्किंगमध्ये, सत्तरी उलटलेल्या बापावर. "मग त्यालाच सांगा तुम्हाला घरी सोडायला!" दार आपटलं आणि गाडी काढून निघून गेलो. आरशात ते दिसत होते, मोजे, सँडल, एका हातात काठी आणि दुसऱ्यात फुलांची पिशवी.

अर्ध्या वाटेवर वैशालीचा फोन आला. "अहो, नाना मागे बसलेत ना? त्यांचा फोन इथं टेबलावरच राहिलाय."

मी गाडी वळवली. पोचलो तर पार्किंगमध्ये एक जुनी हिरवी गाडी सोडून काही नव्हतं. वाट पाहिली, हाका मारल्या. एरवी ते ज्या वेळी बाहेर येतात ती वेळ टळून गेली. ऊन उतरायला लागलं तेव्हा मी आत शिरलो, आणि कुठं जायचं हेच मला माहीत नाही हे तिथं कळलं. इतके शनिवार त्यांना आणून सोडलं, पण एकदाही विचारलं नव्हतं की झाड नेमकं कुठं आहे. वाट सोडून मी सरळ चढ धरला. सगळीकडे बीचच. वर तांब्यासारखी पानं, खाली अंधार. ना झुडूप, ना गवत, नुसता पाचोळा आणि एकसारखे खांब. मागे वळून बघितलं तर आलो कुठून तेही ओळखू येईना. मला आईचं शेवटचं दर्शन मिळालं नव्हतं आणि आता बापाला मी स्वतःच्या हातानं हरवलं होतं. मी वर बघून देवाला शिवी दिली. एकच नव्हे. आणि त्याच दमात म्हणालो, की आता दाखव तरी, कुठं आहेत ते. ही प्रार्थना होती की धमकी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा चढावरून एक बाई उतरत आली. हातात अळंब्यांची टोपली, पायात चिखलाचे बूट. मला बघून थांबली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्या चिडलेल्या आजोबांचे कोण?"

"चिडलेले? माझे वडील कधी चिडत नाहीत."

"मग दुसरे असतील. मोजे आणि सँडल घातलेत."

"कुणावर चिडलेत?"

"झाडावर," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणाशी तरी भांडतायत. बघते तर एकटेच. जवळ जायचा धीर होईना, म्हणून मदत बघायला निघाले होते. चला."

ती पुढे, मी मागे. धारेजवळ एकाएकी उजेड वाढला. पायाखाली गवत आलं, ओकफळं बुटाखाली फुटायला लागली. आणि नानांचा आवाज ऐकू आला. असा आवाज मी त्यांचा आयुष्यात ऐकला नव्हता.

"लाज वाटते का तुला? तिनं जन्मभर तुझे गुरुवार केले! न्यायचं तर मला न्यायचं होतंस, मी तयार बसलो होतो. बरं, नेलीस तिला. पण त्या पोराला पोचू द्यायला तुझं काय जात होतं? एवढं धुकं आवरता आलं नाही तुला? वर्ष झालं, स्वतःला खातंय ते. माझ्याशी धड बोलत नाही, बायको-पोरीशी हसत नाही. त्याचा काय गुन्हा होता? बोल ना! आता का गप्प?"

ते ओकाच्या मुळाशी बसले होते. पाय पुढे पसरलेला, फुलं बुंध्यापाशी, आणि हातातली काठी झाडावर रोखलेली. मी जागचा हललो नाही. वर्षभर मी समजत होतो की ते मला दोष देतायत, आणि इथं ते दर शनिवारी माझ्या बाजूनं खटला लढवत होते.

पाचोळा वाजला तसे ते वळले. "आलास? पाय मुरगळलाय मेला. उठव."

"नाना, तुम्ही तर म्हणता त्याची इच्छा."

"मग? त्याची इच्छा आहे म्हणून मला आवडायलाच हवी का? चारचौघांत मी त्याची बाजू सांभाळतो. इथं आल्यावर सोडत नाही." मग त्यांनी शेजारच्या मुळावर हात थोपटला. "बस. तुझंही सांगून टाक. इथं मराठी कुणाला कळत नाही."

मी बसलो नाही. उभ्यानंच ओरडलो, घसा बसेपर्यंत. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती बाई टोपली खाली ठेवून पाठमोरी उभी राहिली. माझं संपल्यावर तिनं नानांचा दुसरा हात धरला आणि म्हणाली, "खरंय, घरात एवढं ओरडायची सोय नसते." उतरणीवर तिघं मिळून आलो. हिरवी गाडी तिची होती. ती गेल्यावर आठवलं, आपण नावही विचारलं नाही.

याला कुणी योगायोग म्हणावं, माझी हरकत नाही. मला एवढंच दिसतं, की पाय मुरगळला नसता तर नाना नेहमीसारखे शांत चेहऱ्यानं गाडीत येऊन बसले असते आणि मला जन्मभर काही कळलं नसतं. शरण जायचं तर राग बाहेर ठेवून जावं लागतं अशी माझी समजूत होती, आणि तो बाहेर ठेवता येईना म्हणून मी गेलोच नव्हतो. नाना तो बरोबर घेऊन जात होते. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याशीच माणूस इतकं भांडतो.

आता शनिवारी मीही गाडीतून उतरतो. निघताना ईरा जर्मनमध्ये विचारते, "पुन्हा भांडायला निघालात?" आणि जर्मन न येणारे नाना काठी उचलून म्हणतात, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर; तेवढा एक शब्द ते शिकलेत. पहिली प्रदक्षिणा मी अजूनही रागातच घालतो. पुढं चालताना हात केव्हा जोडले जातात, ते मला कळत नाही.