श्रीरामपूरला नांदायला गेलेलं गाणं

पुण्याच्या स्टँडवर श्रीरामपूरच्या एसटीत चढताना कंडक्टरने विचारलं, "काय मावशी, दर्शनाला का?" साठीची जोडपी या गाडीत साईबाबांसाठी नाहीतर शनिदेवासाठीच बसतात, असा त्याचा समज. मी म्हटलं, "नाही हो, व्हिडिओ गेम खेळायला." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागले.

मी खोटं बोलले नव्हते. जन्मभर मी टायपिंगचा क्लास चालवला. टाइपरायटर भंगारात गेले, बोटं तेवढी माझ्याकडे उरली, आणि त्यांना काही काम नव्हतं. अशात घराजवळच्या मॉलमध्ये एक जपानी मशीन भेटलं. कपडे धुण्याच्या मशीनला असते तशी गोल काच, तिच्यावर गाण्याच्या ठेक्यात ठिपके धावत येतात. ठिपका कडेला पोचला की नेमकं त्या क्षणी बोट लावायचं. चुका फार झाल्या की गाणं मध्येच बंद. त्यातलं एक गाणं माझ्या मानगुटीवर बसलं. ते गाणारी मुलगी खरी नाहीच, तिचा आवाज संगणकात अक्षरं जुळवून घडवलेला. त्यामुळे ती श्वास न घेता अशी सुसाट सुटते की धाप ऐकणाऱ्याला लागते. मला ते कधीच पूर्ण जमलं नाही, म्हणून त्याचा शेवटही मी कधी ऐकला नव्हता. भाची म्हणाली, "मोबाईलवर ऐक ना." मी म्हटलं, "ते पेपर फोडण्यासारखं झालं. ऐकीन तर जिंकून."

हे या खुळाला वैतागले होते. "एकदा पूर्ण कर आणि सोड," असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. तेवढ्यात मॉलवाल्याने मशीनच विकलं. मी घरात गप्प बसू लागले. सुरुवातीला ह्यांना ती शांतता फार आवडली. मग काय झालं कोण जाणे, स्वतःच चौकशा करत हिंडले आणि एका संध्याकाळी सांगत आले, "श्रीरामपूरला दिलंय तुझ्या त्या मशीनबाईला. चल, एकदाचा निकाल लावून टाक."

नगरला गाडी थांबली तेव्हा मिसळ खाल्ली. तिखटाने ह्यांच्या टकलावर घाम आला, तरी "काही विशेष तिखट नाही" हे पालुपद चालूच. राहुरीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीमागे आमची गाडी इतकी रेंगाळली की मी समोरच्या सीटच्या पाठीवर येत होतं तेवढ्या गाण्याचा सराव केला. त्या सीटवरचे गृहस्थ मागे वळून म्हणाले, "बाई, माझी पाठ हाय ही, तबला न्हाई." मी माफी मागितली. पुढचा सराव ह्यांच्या गुडघ्यावर केला.

श्रीरामपूरच्या बाजारात कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण दिमाखात उभी होती. तिच्या स्वागतासाठी मालकाने भिंत निळी रंगवली होती. "तेवढं भितीला टेकू नका, रंग वला हाय," तो प्रत्येकाला बजावत होता. खुर्ची पुढे केली तरी हे बसले नाहीत. भिंतीच्या कोपऱ्यात, विजेच्या बोर्डापाशी, हाताची घडी घालून उभे राहिले.

मशीनवर ग्रेस नावाची कॉलेजातली मुलगी खेळत होती. चर्चच्या गायनवृंदात गाते म्हणे. इथे ते गाणं पूर्ण केलेली ती एकटीच. मला जागा देत ती म्हणाली, "मावशी, शेवट लई भारी हाय. सांगू?"

"सांगितलंस तर याद राख!"

म्हातारी बाई खेळणार म्हटल्यावर गर्दी जमली. घोडेगावच्या बाजारातून आलेला एक हेडी (गुरांच्या सौद्यातला दलाल) अगदी खांद्याशी येऊन उभा राहिला. "हात लई चपळ हाय बाईंचा," तो म्हणाला. "आमी रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा भाव ठरवतो. तितं ह्या आस्त्या तर आमाला घरी बसावं लागलं आस्तं." या कौतुकाने मी फुगले, आणि मंडळींनी मला जोर यावा म्हणून टाळ्या धरल्या. टाळ्या भजनाच्या, गाणं जपानचं. अर्ध्यावरच सगळं बंद पडलं.

"टाळ्या बंद करा!" कोपऱ्यातून हे गरजले. "तिला खेळू द्या!"

मी चकित होऊन पाहिलं. हे माझ्या बाजूने?

दुसऱ्या खेपेला कोणी हूं की चूं केलं नाही. बोटांना जुने दिवस आठवले. ते बिनश्वासाचं लांबलचक कडवं आलं, तेव्हा ग्रेसनेच माझ्यासाठी श्वास रोखून धरला. ते कडवंही पार पडलं आणि मला हसू फुटलं. भर गर्दीत, मोठ्याने.

"आता फक्त शेवट!" ग्रेस ओरडली.

आणि काच काळी झाली.

डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता. मालकाने मागे वाकून पाहिलं. "पिन निसटली वाटतं. आता हिला उठायला येळ लागंल." आमच्या परतीच्या गाडीची वेळ झाली होती. मला रडू यायचंच बाकी होतं. ग्रेस कळवळून म्हणाली, "मी म्हणून दाखवू का, मावशी?" तिने तोंड उघडलं तशी मी कानांवर हात ठेवून जिन्याकडे पळाले.

परतीच्या गाडीत राहुरीपर्यंत मी कपाळाला आठ्या घालून बसले होते. हे मात्र भलतेच खुशीत. "काय हसलीस गं आज," म्हणाले. "किती दिवसांनी."

तेव्हा त्यांनी तिकीट खिशात ठेवलं, आणि मला त्यांचा उजवा अंगठा दिसला. निळाशार.

मला असा संताप आला म्हणता! शेवटाच्या उंबरठ्यावरून मला मागे ओढलं होतं ते या माणसाने. तोंड उघडलं, आणि माझं मलाच आठवलं: गाणं संपलं असतं तर दिलेल्या शब्दाप्रमाणे खेळही संपला असता. शब्द ह्यांनीच घेतलेला. तो मोडायला सांगणं ह्यांच्या स्वभावात बसत नाही. पिन उपटणं बसतं, हे मला या वयात कळलं.

"आता पुन्हा यावं लागणार म्हणजे," हे बाहेरच्या उसाला उद्देशून म्हणाले.

"लागणारच. शब्द दिलाय मी."

घरी येऊन कुलूप काढताना मी ओला रुमाल पुढे केला. "अंगठा पुसा. आणि पुढच्या खेपेला भिंत वाळलेली असेल, तेव्हा तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर उभं राहायचं."

ह्यांनी मुकाट्याने अंगठा पुसला. मग अगदी हळू विचारलं, "रविवारी?"