कठड्यावरचे बूट

दीपाचे जुने बूट आज धुऊन कठड्यावर वाळत घातले. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात जिथे कुणी कमी पडे, तिथे सर माझ्या लेकीलाच उभी करत. तिची आई गेल्यावर घरातही तिने तेच केलं. भाकऱ्या थापल्या, माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या. मग परदेशातल्या क्लबने तिला बोलावलं. पेढे मीच वाटले. कुठल्याही जागी खेळणारं माणूस गेलं की एकच जागा रिकामी होत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

खालून शेजारच्या सुमनताईंनी बूट पाहिले. "नाना, दीपा आली वाटतं!"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो. झोपलीय अजून."

मग खरोखरच पाय न वाजवता आत आलो.