पाऱ्याची ज्वारी

हे मी आईलाही कधी सांगितलं नाही — आणि आई तर या गोष्टीत आहेच. बहिणीला नाही, नोकरीतल्या मैत्रिणींना नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. गिरगावातल्या या दोन खोल्यांत मी एकटीच असते. दुपारी दूधवाल्या बाईशी दोन शब्द होतात, तेवढेच. बोलावं म्हटलं की हीच गोष्ट आधी तोंडाशी येते — मग मी तोंड मिटून घेते. किती वर्षं मिटायचं, सांगा?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. परळच्या एका प्रयोगशाळेत मी मदतनीस होते. नुकतीच बी.एस्सी. झालेली, नोकरीत अजून कायम नाही. तिथे गायकवाड संशोधन करत. लोअर परळच्या चाळीतले, वडील गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात, घराण्यात एवढं शिकलेले पहिलेच. त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घ्यायचं ठरवलं होतं. त्यावरून त्यांच्या पाठीमागे आमच्या टेबलांवर काय काय बोललं जायचं — नको ते. पण एकदा मीही त्यात हसले होते. तेही सांगूनच टाकते.

गायकवाड शिवडीच्या खाडीवरून मेलेले पक्षी आणत. बगळे, घारी — एकदा एक मुंगूससुद्धा. खाडीकाठच्या एका कारखान्यात पारा वापरायचे, त्याचं पाणी थेट चिखलात जायचं. चिखलातलं मासे खातात, मासे बगळा खातो, आणि पारा असा अंगाअंगातून वर चढत जातो, असं गायकवाडांचं म्हणणं. तेव्हा आमच्यात हे कुणी ऐकूनही घेत नव्हतं. ते पिसं आणि यकृताचे तुकडे आम्लात विरघळवायचे आणि त्यात एक हिरवं द्रावण घालायचे. पारा असला की हिरव्याचं नारिंगी व्हायचं. बगळ्यांचं होत होतं, मुंगसाचंही झालं. "लेलेबाई, खाडीतलीच मासळी आमच्या चाळीत शिजते हो," असं ते एकदा बाटल्या धुता धुता म्हणाले. माणूस एवढा जीव तोडून का राबतो ते मला तेव्हा कळलं.

पण नुसते खाडीचे पक्षी दाखवून भागत नाही. पारा न लागलेले पक्षीही शेजारी दाखवावे लागतात. म्हणून त्यांनी गच्चीवर पिंजऱ्यात सहा कबुतरं पाळली होती. त्यांना ठरलेल्या एकाच दुकानातली, तपासून घेतलेली ज्वारी. रोज काय घातलं ते वहीत लिहायचं.

मग शहर पेटलं. हरताळ, लाठीमार, गोळीबार. गायकवाडांच्या धाकट्या भावाचं डोकं लाठीनं फुटलं आणि ते तीन आठवडे इस्पितळात त्याच्या उशाशी बसून राहिले. कबुतरं माझ्यावर सोपवली. दुसऱ्याच दिवशी ज्वारी संपली. दुकानं बंद. मुक्या जिवांना उपाशी ठेवायचं का? मी घरून पिशवीभर ज्वारी नेली. मामानं वाईहून पाठवलेली, साठवणीची. चार दिवसांनी दुकानं उघडली, पण म्हटलं, आहे ना अजून पिशवीत, कोण जातंय आता तंगडतोड करत! तीन आठवडे तीच घातली. आणि वहीत रोज काय लिहिलं? "नेहमीच्या दुकानातली." हाताला सवय — दुसरं काय?

गायकवाड परतले. महिन्याभरात त्यांनी दोन कबुतरं तपासली. नारिंगी. बाटल्या पुन्हा धुतल्या, आम्ल नवं आणलं, तिसरं कबुतर घेतलं. नारिंगी. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. देवाशपथ सांगते, तोपर्यंत मला माहीत नव्हतं.

त्याच रविवारी आई ओटीवर धान्य पसरून बसली होती. पुढ्यात राख, राखेत पारा. तळव्यांनी खलत होती, पार दिसेनासा होईपर्यंत. मग ती करडी राख ज्वारीला चोळायची. कीड लागत नाही. दळायला देण्याआधी पाखडायचं, चार पाण्यांनी धुवायचं, वाळवायचं — हे तिच्या आईपासून चालत आलेलं. कबुतरांना मी नेली ती न पाखडता, न धुता. लहानपणापासून मी ते पाहत होते. आणि प्रयोगशाळेत रोज पारा पारा ऐकत होते. दोन्हीतला पारा एकच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं! मी तिथेच मटकन खाली बसले. आईला वाटलं चक्कर आली, तिनं साखरपाणी दिलं.

म्हणजे मला कळलं होतं. हे नीट लक्षात घ्या — पुढचं सगळं कळल्यानंतरचं आहे.

गुरुवारी प्रयोगशाळेच्या मुख्य साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. गायकवाडांचे कागद पुढ्यात होते. साहेब ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, पिंजऱ्यातल्या कबुतरांतही पारा निघतो, तर मग तो पारा तुमच्या बाटल्यांतला आहे, खाडीतला नव्हे. आणि मग — "या कामाला हात स्वच्छ लागतात. ते काही सगळ्यांच्या वळणात नसतं." खोलीत कुणी वर पाहिलं नाही. सगळ्यांना कळलं होतं काय म्हटलंय ते. गायकवाडांना तर कळलंच. ते माझ्याकडे वळले. "लेलेबाई, ज्वारी दुकानातलीच होती ना?"

मी म्हटलं, "हो."

भ्यायले होते? होते. नोकरी जाईल, घर माझ्यावर चालत होतं, सगळं खरं. पण तेवढंच नव्हतं. त्या क्षणी माझ्या मनात आलं — दोष यांच्यावर गेला तर इथे कुणाला नवल वाटणार नाही. माझ्यावर आला तर सगळे विचारतील, अगं, तू कशी काय? हा हिशेब मी केला. एका श्वासात केला. आणि मूग गिळून बसले.

काम बंद झालं. कागद कपाटात गेले. कारखान्याचं पाणी चिखलात जातच राहिलं. गायकवाड नोकरी सोडून एका शाळेत शास्त्र शिकवायला गेले. मी कायम झाले. निवृत्तही तिथूनच झाले.

पुष्कळ वर्षांनी ते मला दिसले. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, सकाळी. केस पिकलेले. त्यांनीच हाक मारली, आईची चौकशी केली. ती गेल्याचं ऐकून हळहळले. तोवर परदेशात पाऱ्यानं मेलेल्या पक्ष्यांच्या, मांजरांच्या, माणसांच्या बातम्या इकडेही आल्या होत्या. ते त्यावर बोलत होते. बोलता बोलता थांबले आणि स्वतःचे दोन्ही तळवे पाहत राहिले. म्हणाले, "माझं म्हणणं बरोबर होतं बहुतेक. हातच वाईट निघाले. अजून कळत नाही कुठे चुकलो. शाळेत पोरांना प्रयोग दाखवतानासुद्धा भीती वाटायची. धुण्यात काहीतरी राहिलं असणार — नाही का?"

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. आई नव्हती, साहेब नव्हते, नोकरी नव्हती. मला कुणाचंच भय उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "असेल."

त्यांनी मान डोलावली आणि हात खिशात घातले.