माझ्या फॉर्मवरचा दमा

1. मागच्या आठवड्यात मी चुलतभाऊ समीरदादाबरोबर हिमनदीवरच्या ट्रेकला गेले. आमच्या घरी प्रवासाचे फॉर्म बरोबरचा मोठा भाऊ भरतो. त्याने भरला, मी न वाचता सही केली.

2. बर्फ सुरू होतो तिथे गाईडने मला थांबवलं. "मॅडम, आप यहीं रुकिए." कारण सांगितलं नाही. दादा बाकीच्यांबरोबर वर गेला.

3. आज सकाळी फूलबागेत काकू, म्हणजे दादाची आई, भेटल्या. म्हणाल्या, "अगं, तुला दमा आहे असं लिहायला मीच सांगितलं त्याला. बर्फात काही झालं असतं, तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं आम्ही?"

मला दमा नाही. या ट्रेकसाठी सहा महिने मी रोज किल्ल्याचा चढ चढले. दादाही यायचा. धाप त्याला लागायची.

मी लगेच दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे यार, नाराज मत हो. फोटो पाठवले ना सगळे?"

काकूंची भीती मला समजते. पण त्या संध्याकाळी तंबूत मी दादाला विचारलं होतं, "माझ्यात काय कमी दिसलं गाईडला?" आणि तो चहा पीत म्हणाला, "काय माहीत." ते मला समजत नाही.

तुम्ही सही करण्याआधी फॉर्म वाचता का?

दादा, पुढची तुकडी महिनाअखेरीस निघते आहे. मी जाणार आहे. फॉर्मवरची माहिती खोटी होती, असं ट्रेकच्या आयोजकांना तू स्वतः लिहून कळव. कळवणार की नाही, ते मला रविवारपर्यंत सांग.