सैल केलेली बटणं

ये गं, अशी जवळ सरक. दाराशी काय बसतेस पाहुण्यासारखी? समोर आहेस असं धरूनच लिहितेय. पुण्याला कॉलेजात गेल्यापासून फोनवर नुसतं "आजी, बिझी आहे." एवढं कसलं गं बिझी? जेवतेस तरी का वेळेवर?

मला दोन वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते. इथे आखातात, मनामातल्या आपल्या घरी, मी मलिद्याची तयारी करत होते. पोहे भिजवलेले, खोबरं खवत बसलेले. तू शाळेच्या बसमधून उतरलीस आणि बूट न काढताच पलंगावर आडवी झालीस.

इतिहासाच्या तासाला बाईंनी फ्रान्सच्या सैन्यातल्या त्या कप्तानाची गोष्ट सांगितली होती. गुपितं विकली म्हणून त्याला धरलं. त्यानं काही विकलं नव्हतं, तो ज्यू होता एवढंच. तरी भर चौकात त्याच्या कोटाची बटणं तोडली, तलवार मोडली, एका बेटावर टाकून दिला. निर्दोष म्हणायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

वर्गातला एक मुलगा म्हणाला, काहीतरी केलंच असणार, ज्यू ना तो. सगळे हसले.

"अँड आय लाफ्ड टू, आजी," तू भिंतीकडे बघत म्हणालीस.

आपणही ज्यू, हे तुझ्या वर्गात ठाऊकच नव्हतं कुणाला. आपलं आडनाव गावावरून, शेवटी 'कर', म्हणून इथली माणसं आपल्याला हिंदूच धरतात. घरमालक दिवाळीला मिठाई आणतो, आपण हसून घेतो. खोटं बोललो नाही कधी, पण खरंही कुणी विचारलं नाही.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. रागवायला, नाहीतर जवळ घ्यायला. मला काहीच वाटलं नाही गं. मी खवतच राहिले. करवंटी लागली, खोबऱ्यात तपकिरी भुगा पडला, तेव्हा कळलं.

मग वडिलांकडून ऐकलेलं तेवढं तुला सांगितलं. ते अलिबागला शिंपीकाम करायचे. म्हणायचे, त्या कप्तानाची बटणं आदल्या दिवशीच सैल करून ठेवली होती, चौकात हिसकली की पटकन सुटावीत म्हणून. कुणीतरी शांतपणे बसून ते टाके कापले असतील. वडिलांना चौकातल्या गर्दीपेक्षा तो माणूस जास्त दिसायचा.

तू ऐकलंस का, माहीत नाही.

संध्याकाळी आपल्या रीतीनं प्रार्थना म्हणून नबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा झाला. वसईवाली शेजारीण नेहमीसारखी आली आणि नेहमीचंच म्हणाली, "मावशी, एवढे छान पोहे, एक दिवस फोडणी घाला ना!" सगळे हसले. तू ताटली घेतली नाहीस. पोट दुखतंय म्हणालीस.

जेवणं आटोपल्यावर मी तुझा युनिफॉर्म घेऊन बसले. बटणं सगळी घट्ट होती. तरी एकेक उसवलं आणि दुहेरी दोऱ्यानं पुन्हा लावलं. कशाला, ते मला आजही सांगता यायचं नाही.

तू गेलीस, त्यानंतर घरात मलिदा झाला नाही. तुझा बाबा म्हणतो, करू की. मी म्हणते, ती आल्यावर.

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे. अडलं तर खोलीतल्या मैत्रिणीकडून वाचून घे. घेशील? नाही घेतलंस तरी मी रागावणार नाही. पण सुट्टी लागली की इकडे ये, बाळा. मैत्रिणीला आणलंस तर तिलाही पुरतील एवढे पोहे भिजवीन. लवकर ये.